गाणं बंद, तरी अ‍ॅम्प्लिफायर तापतोय

प्रश्न : काकांचा १९७० च्या दशकातला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे आला आहे. दोन्ही चॅनेल वाजतात, आवाज छान आहे. पण चालू केल्यावर अर्ध्या तासात उजव्या बाजूच्या हीटसिंकला हात लावता येत नाही. डावीकडचा नुसता कोमट असतो. काहीही लावलेलं नसलं, व्हॉल्यूम शून्यावर असला, तरी उजवी बाजू तापतेच. फ्यूज एकदाही उडालेला नाही. बटणं खरखरायची म्हणून मध्यंतरी झाकण उघडून सगळीकडे कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, बोर्डवरचे छोटे प्रीसेटही (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे बारीक रेझिस्टर) इकडेतिकडे फिरवून साफ केले. दोन जोड्या, म्हणजे एकूण चार स्पीकर लावले आहेत. एक मित्र म्हणतो, वर छोटा पंखा बसव. दुसरा म्हणतो, सगळे कपॅसिटर बदलून टाक. मला सोल्डरिंग येतं, मल्टीमीटरही आहे. काय करू? आणि तोवर वाजवू का?

उत्तर : नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, तोवर वाजवू नका. नुसता चालू करूनही ठेवू नका. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला सध्या गाणं लावलं काय नि न लावलं काय, सारखंच आहे, आणि दुखणं कुठे आहे ते त्यावरूनच कळतं.

पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात: प्रीसेट इकडेतिकडे फिरवले. त्या प्रीसेटचा खरखरणाऱ्या बटणांशी काडीचाही संबंध नाही. प्रत्येक चॅनेलमागे त्यातला एक प्रीसेट आउटपुट ट्रान्झिस्टरचा बायस, म्हणजे आवाज नसतानाही त्यांच्यातून किती करंट वाहावा ते, ठरवतो. कारखान्यात मीटर लावून तो एकदा जुळवलेला असतो आणि पुन्हा मीटर लावल्याशिवाय त्याला हात लावायचा नसतो. उजवी बाजू साफसफाईनंतर तापायला लागली की आधीपासूनच तापत होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जरा आठवून बघा. नंतरची गोष्ट असेल तर गुन्हेगार बहुतेक सापडलाच. आधीपासूनची असेल तर थोडं खोलात जावं लागेल, पण वाट तीच.

आता दोन्ही मित्रांचे सल्ले बाजूला का ठेवायचे ते सांगतो. त्या काळातल्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मर एक, रेक्टिफायर एक आणि मोठे फिल्टर कपॅसिटर दोन्ही चॅनेलना मिळून एकच संच असतो. दोष त्यांच्यात असता तर दोन्ही बाजू सारख्याच तापल्या असत्या. मागच्या व्होल्टेज सिलेक्टरचंही तेच. तो २२० वर असेल आणि मेन्समध्ये २४० व्होल्ट येत असतील तर आतली व्होल्टेजं नऊ टक्क्यांनी वाढतात आणि त्या हिशेबाने उष्णताही वाढते. पण ती दोन्हीकडे वाढते. खोली गरम आहे, वर कपाटाची फळी आहे, हवा खेळत नाही, या कारणांनाही डावं-उजवं कळत नाही. तुमचा डावा हीटसिंक कोमट आहे, या एका गोष्टीने अर्धी यादी खोडली जाते. सगळे कपॅसिटर बदलायचा सल्ला हल्ली कुठल्याही दुखण्यावर मिळतो. पन्नास वर्षांचे कपॅसिटर कधीतरी बदलावे लागतील, हे खरं. पण दोष शोधण्याआधी चाळीस भाग बदलले की चाळीस नव्या चुकांना जागा होते: कुठे उलटं बसवलेलं टोक, कुठे उखडलेली तांब्याची पट्टी. मग मूळ दोष कोणता आणि आपण घातलेला कोणता, हे कळायला मार्ग उरत नाही.

पंख्याबद्दल माझं मत याहून वाईट आहे. पंखा उष्णता घालवतो, ती तयार करणारा जास्तीचा करंट तसाच वाहत राहतो. वरून हीटसिंक हाताला गार लागतो, म्हणजे जी एकमेव खूण तुम्हाला सावध करत होती तीही जाते.

बायस म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात समजून घ्या, म्हणजे पुढची मोजमापं डोळे झाकून करावी लागणार नाहीत. आउटपुटला ट्रान्झिस्टरची जोडी असते. लाटेचा वरचा अर्धा भाग एक उचलतो, खालचा दुसरा. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना मध्ये फट राहिली तर हळू आवाजात गाणं खरबरीत, दाणेदार ऐकू येतं. ती फट राहू नये म्हणून आवाज नसतानाही दोघांतून थोडा करंट वाहता ठेवतात, साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. समजा आत अधिक ३५ आणि उणे ३५ व्होल्ट आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७० व्होल्ट झाले. ३० मिलिअँपिअर वाहत असतील तर त्या चॅनेलमध्ये नुसत्या बसल्याबसल्या २ वॅट खर्च होतात आणि हीटसिंक कोमट राहतो, तुमच्या डावीकडच्यासारखा. हाच करंट ३०० मिलिअँपिअर झाला की २१ वॅट. म्हणजे एक छोटी सोल्डरिंग आयर्न हीटसिंकला टेकवून दिवसभर चालू ठेवल्यासारखं. आणि फ्यूज उडत नाही यात नवल नाही. तो काही अँपिअरचा असतो, ३०० मिलिअँपिअरची तो दखलही घेत नाही.

खरी भीती पुढे आहे. ट्रान्झिस्टर तापला की त्याचं बेस-एमिटर व्होल्टेज (त्याला चालू ठेवायला लागणारं) दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. बायसचं व्होल्टेज तसंच राहिलं तर त्याच व्होल्टेजला तो जास्त करंट ओढू लागतो. जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता, त्यामुळे आणखी करंट. हे चक्र सुटलं की काही मिनिटांत ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो आणि स्पीकरच्या कॉइलवर थेट डीसी येतं. हे टाळायला डिझाइन करणाऱ्यांनी बायसचा छोटा ट्रान्झिस्टर किंवा दोन-तीन डायोड हीटसिंकलाच चिकटवलेले असतात. हीटसिंक तापला की तेही तापतात आणि बायस आपोआप खाली आणतात. हा छोटा भाग हीटसिंकवरून सुटला, त्याचा स्क्रू सैल झाला किंवा मधली पेस्ट वाळून पांढरी भुकटी झाली, तर शेजारी काय चाललंय हे त्याला कळतच नाही. म्हणून प्रीसेटनंतर माझा दुसरा संशय यावर. झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी तो शोधा आणि दोन्ही बाजूंना सारखाच घट्ट बसलाय का ते बघा. कित्येकदा तो हीटसिंकच्या भोकात नुसता खोचलेला असतो आणि कुणीतरी आधी केलेल्या दुरुस्तीत बाहेर येऊन तसाच लोंबकळत राहिलेला असतो.

उघडण्याआधी एक चाचणी करून घ्या. चारही स्पीकरच्या वायर काढा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, अ‍ॅम्प्लिफायर चालू करा आणि दहा मिनिटं समोरून हलू नका. उजवी बाजू आता तापत नसेल तर गोष्ट वेगळी आहे. तिच्या आउटपुटवर डीसी येतंय आणि ते स्पीकरमधून वाहून एकाच बाजूच्या ट्रान्झिस्टरला राबवतंय. अर्धा व्होल्ट डीसी आठ ओहमच्या स्पीकरमधून साठहून जास्त मिलिअँपिअर ओढतं, आणि तेवढ्यावर स्पीकर वाचवणारा रिले पडेलच असं नाही. स्पीकर काढूनही तापत असेल तर करंट आतल्या आतच फिरतोय. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. हाताने अजमावायचं झालं तर साधारण ४५ अंशांवर बोट हवं तितका वेळ टेकवता येतं, ५५ च्या आसपास काही सेकंदांत उचलावं लागतं, आणि साठीच्या पुढे लागल्यालागल्या चटका बसतो.

आता उघडायचं. प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटणाच्या मागच्या टोकांवर मेन्स तसंच असतं. मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची पद्धत पुष्कळांना बहादुरीची वाटते, मला ती मूर्खपणाची वाटते. २२० ओहम, ५ वॅटचा एक रेझिस्टर दोन क्लिप लावून घ्या आणि प्रत्येक मोठ्या कपॅसिटरच्या टोकांना लावून ठेवा. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर दहा-बारा सेकंदांत तो जवळजवळ रिकामा होतो. मग मीटर लावून खात्री करा आणि तेव्हाच आत हात घाला. आणखी एक: आउटपुट ट्रान्झिस्टर जाड धातूच्या टोपीचे असतील तर ती टोपी म्हणजे कलेक्टर. अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना तिच्यावर पूर्ण सप्लाय असू शकतो. मीटरचं टोक तिथून सरकून हीटसिंकला टेकलं तर तपासायला काही उरणारच नाही.

पुढच्या पहिल्या चाचणीला सिरीज बल्ब लावा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या मेन्सच्या एका वायरमध्ये बल्ब जोडा. फिलामेंटचा, ६० ते १०० वॅटचा; एलईडी इथे कामाचा नाही. चालू करताच बल्ब भपकन पेटून लगेच मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख पेटत राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे, तिथेच थांबा. मधल्या मध्ये पिवळसर जळत राहिला तर करंट जास्त आहे, जे आपल्याला ठाऊकच आहे. पण बल्ब लावलेला असताना बायस जुळवू नका. आतलं व्होल्टेज पडलेलं असतं, त्यामुळे रीडिंग खोटं येतं. बल्ब फक्त अपघात टाळण्यापुरता.

आता खरं मोजमाप. प्रत्येक आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला एक जाडसर, कमी ओहमचा रेझिस्टर जोडलेला असतो. बहुधा पांढऱ्या सिमेंटच्या चौकोनी ठोकळ्यासारखा, वर ०.२२, ०.३३ किंवा ०.४७ छापलेलं. बंद अवस्थेत मीटरच्या टोकांना छोट्या क्लिप लावून या रेझिस्टरच्या दोन टोकांवर पक्क्या बसवा, मीटर मिलिव्होल्टवर ठेवा, व्हॉल्यूम शून्यावर, स्पीकर काढलेले. मग चालू करा. चालू अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हातात टोकं धरून जागा शोधत बसू नका. चांगले आउटपुट ट्रान्झिस्टर घरच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त त्यानेच मरतात.

आलेल्या मिलिव्होल्टला ओहमने भागलं की मिलिअँपिअर मिळतात. ०.३३ ओहमवर १० मिलिव्होल्ट आले तर ३० मिलिअँपिअर, छान. त्याच रेझिस्टरवर १०० मिलिव्होल्ट दिसले तर ३०० मिलिअँपिअर, आणि तुमचं अर्धं पत्र त्या आकड्यात आलं. नुसता आकडा लिहून घेऊ नका, तो पाच मिनिटं बघत राहा. थोडा चढून स्थिर झाला तर प्रीसेट चुकीच्या जागी आहे, एवढंच. तसाच चढत चालला, थांबायचं नाव घेत नसला, तर लगेच बंद करा. तिथे बायसच्या छोट्या भागाचा हीटसिंकशी संबंध तुटलाय. आणि आकडा मध्येच नऊवरून चाळीसवर उडी मारून परत खाली आला, किंवा प्रीसेटच्या बाजूला लाकडी काडीने हलकं टकटक केल्यावर बदलला, तर प्रीसेटचा आतला सरकता दात कार्बनच्या पट्टीवर धड टेकत नाहीये.

जुना उघडा प्रीसेट नीट बघितलात तर हे डोळ्यांना दिसतं. काळ्या कार्बनचं अर्धवर्तुळ, त्यावर पितळेचा बारीक दात. एका जागी दशकानुदशकं टेकलेला असल्याने तिथे पट्टी घासून चकचकीत झालेली, आजूबाजूला मळ. क्लीनर मारून फिरवला की मळ सरकतो, कधी पट्टीचा एखादा पापुद्राही निघतो. दात पट्टीवरून उचलला गेला की काय होईल हे प्रीसेट सर्किटमध्ये कुठे आहे त्यावर ठरतं. बायस ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरच्या मध्ये असेल तर तो ओपन झाल्यावर बायस खाली जातो, आवाज खरबरीत होतो, नुकसान काही नाही. कलेक्टर आणि बेसच्या मध्ये असेल तर उलटं: बायस ट्रान्झिस्टर बंद पडतो आणि आउटपुट पूर्ण उघडतो. जुन्या काही डिझाइनमध्ये ही दुसरी रचना सर्रास दिसते.

म्हणून माझा सल्ला असा की, प्रीसेट पुन्हा साफ करण्याच्या भानगडीत पडू नका. दोन्ही चॅनेलचे बायस प्रीसेट बदलून टाका. त्याच ओहमचे, सिरॅमिक पट्टीचे, अनेक फेऱ्यांचे बंद प्रीसेट घ्या. जुना काढण्याआधी त्याच्या दातापासून दोन्ही टोकांपर्यंत किती ओहम आहेत ते मोजून लिहून ठेवा आणि फोटो काढा. नवा बसवताना सर्किट परवानगी देत असेल तर मधलं टोक एका कडेच्या टोकाला जोडा, म्हणजे उद्या दात उचलला गेलाच तरी सर्किट तुटणार नाही, पट्टीचे पूर्ण ओहम तरी मध्ये राहतील.

नवा प्रीसेट कमीत कमी बायसच्या बाजूला फिरवूनच अ‍ॅम्प्लिफायर चालू करायचा. कमी कुठली नि जास्त कुठली, हे अंदाजाने ठरवू नका. सर्किटवरून काढा, आणि तरीही पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब राहू द्या. बल्ब शांत राहिला की काढा, मग पाव-पाव फेरीने चढवत मॅन्युअलमधल्या आकड्याच्या निम्म्यावर आणा. वीस मिनिटं थांबा. हीटसिंकला आपली गरमी धरू द्या. मग शेवटच्या आकड्यावर आणा, झाकण ठेवा, आणखी थोड्या वेळाने पुन्हा बघा. मॅन्युअल मिळालंच नाही तर अशा साध्या अ‍ॅम्प्लिफायरला २५ ते ३० मिलिअँपिअर पुरे.

डावीचा आकडा उजवीवर उतरवून मोकळे होऊ नका. तुम्ही डावीकडचा प्रीसेटही फिरवला आहे. ती बाजू गार आहे म्हणजे निरोगीच आहे असं नाही, तिचा बायस फार खालीही गेला असू शकतो. रात्री अगदी हळू आवाजात पियानो किंवा तंबोरा लावून डावी बाजू एकटी ऐका. स्वर विरताना किरकिर येत असेल तर तेच.

आणि कोणता प्रीसेट कशाचा, याचा घोळ होऊ देऊ नका. काही बोर्डांवर प्रत्येक चॅनेलला दोन असतात, एक बायसचा आणि दुसरा आउटपुटचं डीसी (यालाच ऑफसेट म्हणतात) शून्यावर आणणारा. बायस समजून ऑफसेट फिरवला तर करंट जागचा हलत नाही आणि स्पीकरच्या टोकांवर डीसी चढत जातं. तुम्ही सगळेच फिरवलेत, तेव्हा दोन्ही मोजावे लागणार. स्पीकरच्या टोकांवर, स्पीकर न जोडता, डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निवांत, शंभर-दीडशे असेल तर जुळवून घ्या. अर्धा-एक व्होल्ट असेल आणि प्रीसेटने खाली येत नसेल तर सुरुवातीच्या टप्प्यातला एखादा छोटा ट्रान्झिस्टर गेलेला असू शकतो. ज्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुटला मोठा कपॅसिटर असतो तिथे ही मोजणी लागू होत नाही. तिथे कपॅसिटरच्या आतल्या बाजूला सप्लायच्या निम्मं व्होल्टेज हवं.

प्रीसेट बदलूनही करंट उतरला नाही तर? मग एकच आकडा निकाल लावतो. वरच्या आणि खालच्या ड्रायव्हर ट्रान्झिस्टरच्या (आउटपुट ट्रान्झिस्टरना चालवणाऱ्या) दोन बेसमधलं व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे एनपीएन-पीएनपी अशी पूर्ण जोडी असेल तर ते साधारण सव्वादोन व्होल्टच्या आसपास हवं. आउटपुटचे दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच जातीचे असतील, त्या काळात तसे पुष्कळ असत, तर पावणेदोन ते दोनच्या मध्ये. हे व्होल्टेज यापेक्षा वर असेल तर दोष बायसच्या भागात: त्याचा ट्रान्झिस्टर, डायोड किंवा एखादा रेझिस्टर. त्या काळच्या जपानी बोर्डांवर छोट्या ट्रान्झिस्टरचे पाय काळे पडलेले दिसतात, काही ठिकाणी भाग चिकटवायला वापरलेला डिंक तपकिरी होऊन रेझिस्टरची टोकं खातो आणि स्वतः करंट वाहू लागतो. असा डिंक दिसला तर खरवडून काढाच.

व्होल्टेज बरोबर असून करंट जास्त असेल तर दोन शक्यता. एक, आउटपुट किंवा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर लीक करतोय. गार असताना मीटरवर ठीक दिसतो, गरम झाल्यावर गळतो. दुसरी जास्त फसवी आहे. अ‍ॅम्प्लिफायर कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर आपल्या आपण डोलतोय. गाणं स्वच्छ येतं, हीटसिंक मात्र भाजतो. ऑसिलोस्कोप असलेल्याला हे क्षणात दिसतं. नसेल तर खुणा बघा: आउटपुटजवळ साधारण १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची जोडी असते, तो रेझिस्टर करपलेला आहे का? मीटरची वायर हाताने हलवली की मिलिव्होल्ट बदलतात का? मीडियम वेव्हचा रेडिओ शेजारी ठेवून अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद केल्यावर स्टेशनांवर शिट्टी किंवा घरघर येते का? उजवीकडे कुणी पूर्वी आउटपुट ट्रान्झिस्टर बदललेत का तेही तपासा. २एन३०५५ हे ठळक उदाहरण. जुन्या पद्धतीने बनलेला मूळ भाग संथ होता, सुमारे ०.८ मेगाहर्ट्झचा. त्याच नावाने नंतर आलेला भाग किमान २.५ मेगाहर्ट्झचा आहे. नंबर तोच, पण जुन्या संथ भागावर बेतलेलं सर्किट नव्याच्या वेगाने बिथरू शकतं.

ट्रान्झिस्टर बदलायची वेळ आलीच तर त्या चॅनेलची जोडी एकत्र बदला आणि एमिटर रेझिस्टरही मोजून घ्या. आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये नकली माल फार आहे. नाव हुबेहूब, आतली चिप मात्र चिमुकली. उत्पादकाने नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. बसवताना जुनी पेस्ट पूर्ण पुसा, अभ्रकाची चकती अखंड आहे का उजेडात धरून बघा, दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर द्या. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा नव्हे, उलटंच. स्क्रू आवळल्यावर, वीज लावण्याआधी, ट्रान्झिस्टरची टोपी आणि हीटसिंक यांच्यामधला रेझिस्टन्स मोजा. मीटरने ओपन दाखवलं पाहिजे.

काही अ‍ॅम्प्लिफायर मुळातच भट्टीसारखे तापणारे असतात. १९६९ मध्ये जॉन लिन्स्ली हूड यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये दिलेला क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर १० वॅट देतो आणि गप्प बसलेला असतानाही भरपूर उष्णता फेकतो. तो बिघाड नाही, स्वभाव आहे. १९७५ च्या क्वाड ४०५ ची गोष्ट निराळी. त्यात बायसचा प्रीसेटच नाही. तुमचा क्लास ए नाही, नाहीतर डावी बाजू कोमट राहिली नसती. तरी मॉडेलचं नाव बघून एकदा खात्री करा.

चार स्पीकरचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण गाणं बंद असताना तापण्याशी त्याचा संबंध नाही. पण दुरुस्ती झाल्यावर आहे. आठ ओहमचे दोन स्पीकर एका चॅनेलवर समांतर आले की चार ओहम होतात. चार ओहमचे दोन आले की दोनच, आणि त्या काळचे बरेच अ‍ॅम्प्लिफायर तेवढा भार मानत नाहीत. काहींमध्ये दोन्ही जोड्या एकत्र लावल्या की आतून सिरीज होते. मागच्या पत्र्यावर किमान ओहम छापलेले असतात, ते वाचा. आणि पूर्ण आवाजालाच ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतो, ही समजूत काढून टाका. सलग सूर वाजत असेल तर तो सर्वांत जास्त तापतो कमाल ताकदीच्या साधारण ४० टक्क्यांवर. ‘मोठ्याने कुठे लावलंय’ म्हणून चारही स्पीकर संध्याकाळभर मध्यम आवाजात वाजवणं हेच त्याला सर्वांत जड जातं.

एमिटर रेझिस्टर करपून फुटलेला दिसला, ऑफसेट व्होल्टच्या घरात निघाला, किंवा बायसचा आकडा चढतच राहून कारण सापडलं नाही, तर पुढे स्वतः करू नका. जाणत्या मेकॅनिककडे न्या. नेताना ‘गरम होतो’ एवढंच सांगू नका. चारही एमिटर रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट, दोन्ही चॅनेलचं डीसी ऑफसेट आणि ड्रायव्हरच्या बेसमधलं व्होल्टेज कागदावर लिहून द्या, आणि प्रीसेट फिरवले होते हेही सांगा. तेच आकडे मला कळवलेत तर मीही पुढचं सांगू शकेन. सगळं जुळलं तर पहिला आठवडा एकच जोडी लावा, ती सुद्धा जुन्या, गेली तरी हळहळ वाटणार नाही अशा स्पीकरची.